एएनएमची जीएनएम होताना: कोकणात राहून, नोकरी न सोडता

शनिवारी रात्री आठ ते रविवारी सकाळी आठ. जीएनएमच्या (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, स्टाफ नर्स होण्याचा डिप्लोमा) तीन वर्षांत माझी नोकरी एवढीच उरली होती. त्याआधी नऊ वर्षं चिपळुणात एका छोट्या नर्सिंग होममध्ये मी एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, त्याखालची पायरी) होते, महिन्याला सव्वीस ड्युट्या. "ताई, नोकरी सांभाळून जीएनएम करता येतं का हो?" असं कुणी विचारलं की मी आधी हा शनिवार सांगते. करता येतं. पण नोकरी कॉलेजच्या वेळापत्रकात जिथे मावेल तिथे मावते, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा.

आधी आपण कोण आहोत ते बघा

आपल्याकडे दवाखान्यात काम करणाऱ्या प्रत्येक बाईला पेशंट सिस्टरच म्हणतात. कागदावर मात्र तीन वेगळ्या बाया असतात. सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा रुग्णसेवेचा कोर्स करून लागलेली, दोन वर्षांचं एएनएम करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवलेली, आणि जीएनएम किंवा बीएस्सी केलेली. स्टाफ नर्स म्हणजे ही तिसरी. सरकारी भाषेत ती अधिपरिचारिका.

तुम्ही पहिल्यातल्या असाल तर एएनएमची वाट तुम्हाला मधे घ्यायलाच पाहिजे असं नाही. बारावीला इंग्रजी असेल, एकूण आणि इंग्रजीत किमान ४० टक्के असतील, तर सरळ जीएनएमला अर्ज करता येतो. सायन्स असेल तर बरं, पण आर्ट्सवाल्यांनाही दार बंद नाही. बारावी राहिली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची बारावीही भारतीय परिचर्या परिषदेला (इंडियन नर्सिंग कौन्सिल) चालते. दहावीनंतर कामाला लागलेल्या बऱ्याच जणींना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

तुम्ही दुसऱ्यातल्या, म्हणजे नोंदणीकृत एएनएम असाल, तर एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. जीएनएमला साधारण वयाची मर्यादा १७ ते ३५ आहे, पण एएनएमसाठी परिषदेच्या नियमांत वरच्या वयाची अट नाही. मी छत्तिसाव्या वर्षी वर्गात बसले. पहिल्या आठवड्यात अठरा वर्षांच्या मुली मला मावशी म्हणत होत्या. पहिलं इंजेक्शन द्यायच्या दिवशी ताई म्हणायला लागल्या.

फक्त नोंदणी जिवंत पाहिजे. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्याला सीएनईचे (नोकरीत असताना घ्यायच्या नर्सिंग शिक्षणाचे) तास लागतात. खासगी दवाखान्यात कुणी विचारत नाही म्हणून ते राहून जातं. अर्जाच्या वर्षी धावपळ करण्यापेक्षा आत्ताच कपाट उघडा आणि तारीख बघा.

कशासाठी एवढं करायचं, हा हिशेबही इथेच होऊन जाऊ दे. सातव्या वेतन आयोगात जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेचं (एएनएमचं सरकारी पद) मूळ वेतन २५,५०० पासून सुरू होतं, अधिपरिचारिकेचं ३५,४०० पासून. अलिबाग आणि सिंधुदुर्गात २०२१-२२ मध्ये, रत्नागिरीत २०२३ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, म्हणजे स्टाफ नर्सच्या जागांसाठी आता घाट चढून जायलाच पाहिजे असं नाही. शिवाय जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. एएनएमवरून थेट तिथे उडी नाही.

आठवडा कागदावर मांडा

जीएनएम तीन वर्षांचं आहे. जुन्या सिस्टर साडेतीन सांगतात, तो आधीचा अभ्यासक्रम. हा पूर्णवेळ कोर्स आहे. संध्याकाळचं जीएनएम, रविवारचं जीएनएम, घरबसल्या जीएनएम असं काही नसतं. कुणी तसं विकत असेल तर त्याच्याबद्दल पुढे बोलू.

थिअरी आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. वॉर्डातल्या क्लिनिकल पोस्टिंगचे राहिलेले दिवस तर सगळेच भरून द्यावे लागतात, त्याशिवाय प्रमाणपत्र नाही. आठवड्याला साधारण चाळीस तास कॉलेजचे धरा.

मी सुरुवातीला वहीत असं मांडलं होतं: आठवड्याचे तास १६८. कॉलेज ४२, जायला-यायला ९, झोप ४२, दोन नाइटचे २४. बेरीज ११७. उरले ५१. वा! म्हणून मी दोन नाइट कबूल करून आले.

पहिल्याच बुधवारी समजलं काय चुकलं ते. नाइट सुटते सकाळी आठला आणि वॉर्डातलं पोस्टिंग सुरू होतं आठलाच. त्यात हँडओव्हर कधी वेळेवर होतो का? रिलीव्हर उशिरा आली, शेवटच्या बेडचं सलाइन आउट झालं, की साडेआठ. तास शिल्लक होते, पण जिथे हवे तिथे नव्हते. मग शिल्लक काय राहतं? ज्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी आहे, तेवढीच रात्र. म्हणजे शनिवार, आणि सणाच्या आदल्या दिवशी. रविवारी दुपारी झोप झाली की संध्याकाळचे चार-सहा तास कुणी मागत असेल तर तेही. रविवारची नाइट घेऊ नका, सोमवार जातो.

तुम्ही मांडाल तेव्हा तास मोजू नका, शिफ्ट कधी सुटते आणि एसटी कितीची आहे ते लिहा. पावसाळ्याचं वेगळं पान करा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या सावकाश धावतात, आणि घाटात दरड आली तर त्या दिवशी कुठलंच वेळापत्रक नसतं. जिथे रोज जायचं आहे ते कॉलेज आणि जिथे नाइट करायची आहे तो दवाखाना एकाच गावात असेल तर निम्मं दुखणं कमी होतं. मला शेवटी दवाखाना बदलावा लागला, कॉलेज नाही.

नोकरी कुठल्या जातीची आहे

जिल्हा परिषदेत कायम असाल तर राजीनाम्याची भाषा करूच नका. आधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत लेखी अर्ज करा: पुढील शिक्षणाची परवानगी आणि ना-हरकत. अध्ययन रजेची तरतूद असते, पण ती मंजुरीवर आहे, हक्क म्हणून मागता येत नाही. तीन वर्षं एकट्या अध्ययन रजेत बसत नाहीत, बाकीची रजा जोडावी लागते. रजा मिळाली तर परत येऊन सेवा करण्याचं बंधपत्र लिहून द्यावं लागतं. तोंडी "करा हो सिस्टर, आम्ही बघतो" यावर प्रवेश घेऊ नका. साहेब बदलतात. आवक क्रमांक पडलेली प्रत तुमच्याकडे पाहिजे.

कंत्राटी असाल तर करार अकरा महिन्यांचा की किती ते वाचा, आणि प्रवेश कराराच्या शेवटाला जुळवता येतो का बघा.

खासगीत असाल तर सगळं डॉक्टरांवर आहे. इथे माझी झालेली फजिती सांगते. नोकरीला लागताना माझी ओरिजिनल मार्कशीटं आणि नोंदणी प्रमाणपत्र त्यांनी ठेवून घेतलं होतं. तेव्हा ते रीतीचंच वाटलं. कॉलेजचं सांगितल्यावर कपाटाची किल्ली सापडेना. तीन आठवडे सापडली नाही, अर्जाची तारीख जवळ आली. शेवटी माझे दीर बरोबर आले, सरळ उभे राहिले, आणि किल्ली सापडली. तेव्हा क्रम असा ठेवा: आधी आपले कागद घरी, मग बातमी. आणि पुढे कुठेही लागलात तरी ओरिजिनल दाखवायचे, द्यायच्या त्या झेरॉक्स.

डॉक्टरांशी बोलताना "मला सवलत द्या" म्हणू नका. त्यांची अडचण शनिवार-रविवारी असते, तेव्हाच मुली गावाला जातात. "शनिवारची नाइट तीन वर्षं माझी" असं सांगितलंत तर बहुतेक जण हो म्हणतात.

कॉलेज निवडताना

रत्नागिरी, ओरोस, अलिबागच्या जिल्हा रुग्णालयांत जाऊन सरकारी जागांची चौकशी आधी करा, मग खासगीकडे वळा. प्रवेशाच्या पद्धती अलीकडे सतत बदलल्या आहेत, म्हणून राज्य सीईटी कक्षाचं संकेतस्थळ डिसेंबरपासूनच बघत राहा. मागच्या वर्षी भावाच्या मुलीने कसं केलं त्यावर जाऊ नका.

खासगी कॉलेजची मान्यता तीन ठिकाणी तपासायची: भारतीय परिचर्या परिषद, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, आणि परीक्षा घेणारं राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ. मान्यता किती जागांना आणि कुठल्या वर्षासाठी आहे तेही वाचा.

मग कॉलेजात जाऊन हे विचारा. क्लिनिकलला कुठल्या हॉस्पिटलात पाठवता? मुलींना बाळंतपणं प्रत्यक्ष करायला मिळतात का, की तिसऱ्या रांगेतून बघायची? होस्टेल सक्तीचं आहे का? हा शेवटचा प्रश्न लग्न झालेल्या बाईने फी विचारण्याआधी विचारावा. बऱ्याच शाळा होस्टेलचा आग्रह धरतात, आणि मग शनिवारची नाइटही गेली. बाहेरून येणं चालत असेल तर तसं प्रवेशाच्या वेळीच लिहून घ्या.

आता तो विकणारा. तो येतोच. "मॅडम, परराज्यातलं कॉलेज आहे, फक्त परीक्षेला जायचं, हजेरी आम्ही बघतो, तुमची नोकरी चालू." पैसे हप्त्याने. माझ्याबरोबरच्या एकीने असे पैसे भरले. तिचा दोष मी काढणार नाही, दोन पोरं आणि बंद पडलेली नवऱ्याची बोट होती. पण मध्य प्रदेशात अशा नावापुरत्या नर्सिंग कॉलेजांची उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआय चौकशी झाली, आणि त्या भानगडीत परीक्षाच अडकून विद्यार्थ्यांची वर्षं गेली. शिवाय परराज्यातली पदविका इथे आणताना महाराष्ट्र कौन्सिलकडे नोंदणी करून घ्यावी लागते, तेव्हा प्रश्न विचारले जातात. आणि समजा कुणी नाहीच विचारलं, तरी एखाद्या रात्री आयसीयूत तुम्ही एकट्या असता.

माहेरची फाइल

कागदांत सगळ्यात जास्त दिवस जातात, आणि तेही दोन कारणांनी: नाव आणि माहेर.

दहावी-बारावी माहेरच्या नावाने, एएनएमची नोंदणी कदाचित लग्नाच्या नावाने, आधारवर तिसरंच स्पेलिंग. विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढा. नाव पूर्ण बदललं असेल तर राजपत्रातली नोंदही. स्पेलिंग एकदा ठरवा आणि अर्जापासून परीक्षा फॉर्मपर्यंत तेच ठेवा.

जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर हे लग्नानंतरही वडिलांच्या बाजूने लागतात. म्हणजे वडिलांचा, काकांचा शाळा सोडल्याचा दाखला हवा. आमचं माहेर खाडीपलीकडे, शाळा चौथीपर्यंतची, रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. माझे वडील मुख्याध्यापकांकडे चार वेळा तरीतून गेले. जात वैधतेला महिने लागतात, तेव्हा कॉलेज ठरायच्या आधी हे काम लावून टाका. जून उजाडला की सेतूत उभं राहायला जागा नसते.

बाकीचं: मार्कशीटं, एएनएमची मार्कशीटं आणि नोंदणी, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, अनुभवाचं पत्र, वैद्यकीय तंदुरुस्ती, आणि मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र. सगळं स्कॅन करून ठेवा, डिजीलॉकरमध्ये येतं ते तिथे घ्या. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा आमच्या आळीत लोक छपरावर मार्कशीटं वाळवत होते. माझी फाइल तेव्हापासून माळ्यावर, दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत.

पैसे

फीपेक्षा कमी झालेला पगार जास्त बोचतो. सव्वीस ड्युट्यांवरून चार-पाचवर याल तेव्हा घरात तीन वर्षं काय येणार ते आधी ठरवा.

आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक मागास, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ करण्याचा शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा आहे. त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून व्हावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात तर सोडून द्या. तुमचा कोर्स आणि कॉलेज महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल) दिसतं का ते फी भरण्याआधी बघा. अनुसूचित जाती-जमातींसाठी तिथेच वेगळ्या योजना आहेत. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागत नाहीत. मॅनेजर जमिनीचा सातबारा मागायला लागला तर त्याला हे शांतपणे सांगा. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ते तीन वर्षांत लहान रक्कम नाही.

अभ्यास: हाताला येतं, तोंडाला येत नाही

पहिलं वर्ष एएनएमला सोपं जाईल असं सगळे म्हणतात. नर्सिंग फाउंडेशन सोपं जातं. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी जात नाही, ते रोज थोडं थोडं लागतं. दुसऱ्या वर्षाचं मेडिकल-सर्जिकल सगळ्यात मोठं. तिसऱ्या वर्षी मिडवायफरी, कम्युनिटी आणि वॉर्ड मॅनेजमेंट.

मिडवायफरीत मी निर्धास्त होते. तिथेच आपटले. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरच्या मॅडम होत्या. "झटके येणारी गरोदर बाई उपकेंद्रात आली, काय कराल?" मी घडाघडा सांगितलं: मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट, झटके थांबवायचं इंजेक्शन), पाच ग्रॅम या कुल्ल्यात, पाच त्या कुल्ल्यात, खोल, आणि गाडी बोलवून रेफर. "बरोबर. आता ती वॉर्डात आली. पुढचा डोस तुम्ही भरलात. टोचण्याआधी काय बघाल?" मी गप्प. इतकी वर्षं माझं काम गाडीचं दार लावलं की संपायचं.

उत्तर असं: गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो का (नी-जर्क), श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहेत का, गेल्या चार तासांत लघवी तासाला किमान ३० मिली झाली का. यातलं एक जरी नसेल तर डोस थांबवायचा, आणि त्याचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, हाताशी. मॅगसल्फ किडनीवाटे बाहेर पडतं. लघवी कमी म्हणजे ते अंगात साचतंय. आधी गुडघा शांत होतो, मग श्वास. एवढी एक साखळी कळली आणि मला अभ्यासाची पद्धत सापडली. आपण सवयीने करतो ती प्रत्येक गोष्ट वहीत लिहायची आणि पुढे दोन प्रश्न: का? आणि पुढे काय बघायचं?

सलाइनचंही तसंच. ५०० मिली चार तासांत, २० थेंबांचा सेट: ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. मी नऊ वर्षं चाक फिरवून अंदाजाने लावत होते, आणि अंदाज बरा होता. पण लहान बाळाला अंदाज चालत नाही. ६० थेंबांच्या मायक्रो सेटला तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब, हे कळलं तेव्हा आधी कुणी का नाही सांगितलं म्हणून मला रागच आला.

केस स्टडी निवडताना आपल्या मातीतल्या निवडा. भातलावणीतला लेप्टो, पावसातलं फुरसं, आंब्यावरून पडलेला गडी. तुम्ही ते पाहिलेलं असतं, बाकीच्यांनी पुस्तकातून उचललेलं असतं. मी विंचवाची केस केली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून देण्याआधी लाल विंचवाने किती माणसं जायची हे आमच्या आजीकडून ऐकलेलं होतं. हातपाय गार, दरदरून घाम, बीपी वर का जातो, हे लिहिताना मला पुस्तक कमीच उघडावं लागलं.

जर्नल, केअर प्लॅन, प्रोसिजर बुक रोजचं रोज पुरं करा. एसटीत लिहू असं मनात आणू नका, आमच्या हायवेवर अक्षर वाचता येत नाही. एसटीत मी मोबाइलवर माझ्याच आवाजातल्या नोट्स ऐकायचे.

घर आणि अंग

गणपतीत पाच दिवस सुट्टी मिळेल असं गृहीत धरू नका, पोस्टिंगला अडकलात तर आरतीला फोनवर टाळ्या वाजवायच्या. सासूबाई पहिल्या वर्षी म्हणाल्या, "काय गो, ह्या वयात पाटी-दप्तर?" दुसऱ्या वर्षी माझा ड्रेस त्याच कांजी करून ठेवायच्या. प्रत्येकीच्या घरी असं होईलच असं नाही. पोराला शनिवारी रात्री कोण बघणार, त्याचं नाव ठरलेलं पाहिजे, "बघू कोणीतरी" नको.

नाइट उतरल्यावर स्कूटर चालवू नका. परशुराम घाटात एकदा माझे डोळे मिटले होते. गाडी कठड्याला घासली, मला खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. त्यानंतर रविवारी सकाळी मी पहिल्या एसटीने घरी. आणि शनिवारी डबल ड्युटी कुणीही, कितीही गोड बोलून मागितली तरी नाही.

निकालानंतर

निकाल लागला म्हणजे स्टाफ नर्स झालात असं नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे जीएनएमची नवी नोंदणी करावी लागते. ती होईपर्यंत चार्टवर स्टाफ नर्स म्हणून सही करू नका, दवाखान्याने कितीही घाई केली तरी. बरेच दवाखाने या मधल्या काळात ट्रेनी म्हणून घेतात आणि नंबर आल्यावर ते पद तसंच राहून जातं. रुजू व्हायच्या पत्रातच एक ओळ घालून घ्या: नोंदणी क्रमांक दिल्याच्या तारखेपासून पद आणि पगार बदलेल. माझ्या पत्रात ती ओळ नव्हती. सहा महिने गेले.